शेजारणीचा सण

सिस्टर, तुम्हाला लिहायचं तर खरं इंग्रजीतच लिहायला हवं, पत्र कसं लिहायचं ते तुम्ही आम्हाला त्याच भाषेत शिकवलंत. पण जे सांगायचं आहे ते सगळं मराठीत घडलं, थोडं आमच्या आईच्या, अव्वाच्या मराठीत आणि थोडं तुमच्या केरळी वळणाच्या मराठीत, म्हणून मराठीतच लिहिते. मी लातूरला असते. एका ट्रस्टच्या इंग्रजी शाळेत आयुष्य गेलं, शेवटची अकरा वर्षं मुख्याध्यापिका म्हणून. येत्या मे महिन्यात निवृत्त होईन. गुडघे दुखतात, साखर आहे, आणि संध्याकाळी शाळा रिकामी झाली की खुर्चीतून उठावंसं वाटत नाही. आज सोमवार. मुलं जाऊन बराच वेळ झाला. शिपाईमावशी दोनदा डोकावून गेल्या. "मॅडम, कुलूप लावू का?" म्हणाल्या. म्हटलं, बसा जरा, एवढं लिहून होऊ द्या. "पेपर काढून राहिल्या का?" म्हटलं, हो, पेपरच.

तुमची ती पद्धत मी इथं आणली होती, हे तुम्हाला कधी कळवलं नाही. नांदेडच्या दुसऱ्या शाळा तेव्हा एकात्मता दिनाला पोरींना भाड्याचे कपडे घालून स्टेजवर फिरवायच्या, एक काश्मिरी, एक बंगाली, एक कोळीण. तुम्हाला ते पटत नसे. आमच्या वर्गातच किती तऱ्हा होत्या! गुरुद्वाऱ्याजवळच्या शिखांच्या मुली होत्या, धर्माबादकडून आलेल्या तेलुगू बोलणाऱ्या होत्या, कापडवाल्या मुसलमानांच्या होत्या, आमच्यासारख्या आडतवाल्या लिंगायतांच्या होत्या, गिरणीत कामाला असलेल्यांच्याही होत्या. तुम्ही म्हणायचात, "आपल्या सणाचं आपण बोलायचं नाही. आपला सण सगळ्यांना गोडच लागतो. शेजारणीचा सांगा." मग बिस्किटाच्या डब्यातून चिठ्ठी उचलायची, जिचं नाव निघेल तिच्या घरी तिच्या सणाला जायचं, स्वयंपाकघरात बसायचं, देतील ते खायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. तुम्ही काय रांधता? कुणाची आठवण काढता? आणि या दिवशी काय करत नाही? तिसरा प्रश्न विसरून आलेल्या मुलीला तुम्ही पुन्हा पाठवायचात. सोमवारी प्रार्थनेनंतर पाच मिनिटं बोलायचं, आणि जिचा सण ती मुलगी पहिल्या रांगेत बसून ऐकणार. शेवटी तिनं उभं राहून एकच शब्द म्हणायचा, "बरोबर" किंवा "चूक". चूक असेल तर काय चूक तेही सांगायचं. एकदा कुणीतरी सांगितलं की शिखांच्या घरी पाच वस्तू पूजेला मांडतात. आमची सरदारीण ताडकन उठली. "चूक! मांडत नाहीत, अंगावर असतात. उगं दुकान लावल्यासारखं सांगू नको." अख्खा हॉल हसला, सांगणारी हसली, तुम्ही हसलात. चूक म्हणून घेण्यात तेव्हा काही वाटायचं नाही.

आमच्या घरी जी आली होती ती तेलुगू मुलगी मला अजून दिसते. अव्वानं तिला शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या, वर तुपाची धार सोडली, "खा गं बाई, वाळकी हायस" म्हणत तिसरी पोळी वाढली. सोमवारी ती हॉलमध्ये म्हणाली, "हिचे अप्पा गळ्यातला देव काढून तळहातावर ठेवतात आणि डोळे उघडे ठेवून बघत बसतात. मी दोनदा खोकले, तरी त्यांनी पाहिलं नाही. मला वाटलं रागावले, पण नंतर त्यांनी मला पेरू दिला." मी उठून "बरोबर" म्हणाले, आणि मला आमच्या अप्पांचा असा अभिमान वाटला की सांगता सोय नाही. अप्पा रोज सकाळी वचनं म्हणायचे. माणसामाणसांत भेद नाही, हे मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की ते मला आंघोळीच्या पाण्याच्या आवाजासारखं वाटायचं, रोजचं.

मग मी चिठ्ठी उचलली. गिरणीत कामाला असलेल्या वडलांची मुलगी, माझ्याच बाकावर बसणारी, गणितात माझ्यापेक्षा हुशार. त्यांचं घर बौद्ध. दसऱ्याच्या दिवशी त्यांच्याकडं धम्माचा दिवस असतो. घरी सांगितलं तेव्हा अव्वानं आडनाव विचारलं. मी सांगितलं. अव्वा भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. म्हणाली, "जायचं तर जा. सिस्टरबाईचं मन मोडू नको. पर दारातनंच बोलून ये. पानी बी घिऊ नको." मी म्हटलं, सिस्टर म्हणतात दिलं ते खायचं. "मग जाऊच नको. सिस्टरबाईला काय जातंय? तिला काय लेकी उजवायच्या हायत का?" अप्पा पलीकडं पूजेला बसलेले. त्यांनी ऐकलं. स्वयंपाकघर आणि देवघर यांच्यामध्ये पडदासुद्धा नव्हता, ऐकलंच. त्यांनी तळहातावरची नजर उचलली नाही.

दसऱ्याला दुपारी मी घरातून निघाले. गुरुद्वाऱ्याकडं हल्लाबोलच्या मिरवणुकीची गर्दी, घोडे, पिवळेनिळे फेटे, रस्ते बंद. मी मागच्या बाजूनं गिरणीच्या चाळींकडं गेले. काय करायचं ते ठरवलं नव्हतं. वाटलं, तिथं पोचल्यावर बघू. गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले तर चौथ्या-पाचव्या दारात तिची आई उभी दिसली. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, दारात रांगोळी, आणि ती रस्त्याकडं बघतेय. मी तिला एकदा शाळेच्या फाटकाशी पाहिलं होतं, मला ती ओळखत नव्हती. मी तिला दिसले असेन, पण फ्रॉक घातलेली कुणीतरी पोरगी एवढीच. तिनं हात कपाळावर धरून माझ्याच दिशेला पाहिलं. आणि मी वळले. पळालेसुद्धा नाही, सिस्टर. चालत गेले, दुसरीकडं काम असल्यासारखी.

सोमवारी मी पाच मिनिटं बोलले. वाचनालयातल्या एका पुस्तकातून उतरवून घेतलेलं, थोडं मनाचं. पांढरी वस्त्रं मी पाहिलीच होती, ती भाषणात घातली. तांदळाची खीर घातली. त्या दिवशी ते काय करत नाहीत, तर कुणाशी भांडत नाहीत, असं सांगितलं. ते कुठल्याही धर्माला चालून जातं. माझा आवाज तेव्हा चांगला होता, वक्तृत्वात माझा नंबर ठरलेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ती उठली. मी तिच्याकडं बघत नव्हते, तिच्या वेणीच्या रिबिनीकडं बघत होते. ती म्हणाली, "बरोबर."

चांगलं बोलणारीला तुम्ही द्यायचात तो बक्षिसाचा रुमाल त्या दिवशी मला दिला नाहीत, तिला दिलात. मुली कुजबुजल्या, बोलली ही आणि बक्षीस तिला? मधल्या सुट्टीत मी तुम्हाला शोधत तुमच्या स्वयंपाकघरात आले. मुलींना तिथं यायची परवानगी नव्हती, तरी आले. तुम्ही पाटावर बसून सुपात तांदूळ निवडत होता. मला वाटलं होतं तुम्ही विचाराल आणि मी रडून सांगून टाकीन. तुम्ही विचारलंच नाहीत. सुपातला खडा काढून बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "लोकांच्या घरी जाऊन आलेली मुलगी अडखळते. तिला काय सांगू, काय नको, असं होते. तू एकदा पण अडखळला नाही." तुमच्या मराठीत मुलीसुद्धा 'आला', 'गेला' असायच्या, एरवी आम्हाला हसू यायचं. मग म्हणालात, "जा. घंटा होते." एवढंच. तुमच्याकडून आयुष्यात बोलणी खाल्ली ती ही एकदाच, आणि ती इतक्या हलक्या आवाजात की मी कितीतरी वर्षं स्वतःला समजावत राहिले, ती बोलणी नव्हतीच, वक्तृत्वाबद्दलची सूचना होती.

तिला मात्र मी विचारलं. नळावर पाणी पिताना विचारलं, का गं बरोबर म्हणालीस? तिनं तोंड पुसलं. "मग काय म्हणू? सगळ्यांसमोर सांगू का माझी आई दिवसभर दारात उभी व्हती म्हणून? तिनं शेजारणीकडनं चमचे आणले व्हते तुझ्यासाठी. आमच्याकडं चमच्यानं कुणी खात न्हाई." आणि वर्गात जाऊन बसली, माझ्याच बाकावर, आणि पुढच्या तासाला माझं गणित चुकलं ते दाखवून दिलं. दहावीनंतर ती औरंगाबादला गेली. पुढं काय झालं मला माहीत नाही. मी शोधलं नाही. शोधणं आता सोपं आहे, फोनवर दोन मिनिटांचं काम, पण त्यासाठी मला तिचं आडनाव टाइप करावं लागेल, आणि तिथं माझा हात थांबतो.

तुम्ही गेल्याचं मला तीन महिन्यांनी कळलं, नांदेडच्या एका मैत्रिणीनं बोलता बोलता सांगितलं. तेव्हा आधी वाटलं, आता सांगायचं राहिलं. आणि मग मुख्याध्यापिका झाले तेव्हा पहिल्याच वर्षी मी बिस्किटाचा डबा घेऊन सातवीच्या वर्गात गेले. प्रायश्चित्त वगैरे मोठा शब्द नको. मला दुसरं काही येत नव्हतं म्हणा. अकरा वर्षं चाललं ते. मुलं खरंच जात होती. मुखेडकडच्या तांड्यावरून वसतिगृहात राहिलेली एक मुलगी होती, तिच्या घरी बंजाऱ्यांच्या तीजेला जाऊन आलेली आमची एक डॉक्टरांची लेक प्रार्थनेत उभी राहिली आणि पाच मिनिटांतली तीन मिनिटं नुसती "म्हणजे... म्हणजे कसं... ते टोपलीत गहू उगवतात, आणि त्या मुली रडतात, का रडतात ते मी विचारलं, पण मग मीपण रडले" एवढंच म्हणत राहिली. इतकी अडखळली की मला तुमची आठवण येऊन हॉलच्या बाहेर जावं लागलं. तेलुगू घरी नवरात्रात फुलांचे थर रचायला गेलेल्या मुलांनी तिथल्या आजीला शाळेत आणून बसवलं होतं. मला वाटायचं, सिस्टर, हे एक तरी आपण नीट केलं.

गेली तीन-चार वर्षं ते सैल होत गेलं. कुणी एकदम मोडलं नाही. आधी एक पालक म्हणाले, रविवारी क्लास असतो. मग कुणी म्हणालं, चिठ्ठी बदलून द्या, जवळचं घर द्या. पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यात कुणी जातीचं नाव काढत नाही, धर्माचं तर नाहीच. सगळे आरोग्याबद्दल बोलतात. बाहेरचं पाणी, बाहेरचं तेल, जबाबदारी कुणाची. अव्वा निदान आडनाव विचारायची. यंदा जुलैत वारसा सप्ताह धरला होता. त्याच सुमारास मोहरम आला. ज्या मुलीच्या घरची चिठ्ठी निघाली तिचे वडील गंजगोलाईच्या बाजारामागं शिलाईचं दुकान चालवतात. चिठ्ठी उचलणारी मुलगी चांगल्या घरची, वडील खताचे व्यापारी, घराणं आमच्यातलंच, लिंगायत. तिची आई गुरुवारी मला भेटायला आली. हसरी बाई. "मॅडम, तसलं काही नाही हो आमच्या मनात. आमच्या दुकानात त्यांचेच चार जण कामाला आहेत. पण हिला बाहेरचं सोसत नाही, आणि हिच्या पप्पांना तुम्ही ओळखता." मी म्हटलं, मुलीला विचारलंत का? मुलगी मागंच उभी होती. म्हणाली, "मॅम, मला जायचंय. पण मम्मी म्हणते यूट्यूबवर सगळं आहे." आई म्हणाली, "आहेच की. बघून लिही अन् छान बोल. तुला पाठ होतं लवकर."

शुक्रवारी ट्रस्टचे सचिव आले. वाईट माणूस नाही. माझ्या निवृत्तीच्या निरोपाचीही तेच तयारी करताहेत. त्यांनी परिपत्रक टाइप करूनच आणलं होतं. यापुढं गृहभेटी बंद, वारसा सप्ताहाला राज्यवार वेशभूषा. "मॅडम, ड्रेसवाला बांधून टाकू. फोटो बी लई भारी येतात. अन् तुम्हाला आता शेवटच्या वर्षी ही डोकेदुखी कशाला? उद्या एकाला पोट दुखलं तर पेपरात नाव कुणाचं येईल?" मी म्हटलं, या वर्षीच्या चिठ्ठ्या निघाल्यात. "निघू द्या की. मुलं काय, खूश होतात रंगीत कपड्यांत." मी वाद घातला नाही, सिस्टर. मला वाटलं होतं घालीन. शब्दसुद्धा मनात तयार होते. पण दुपारचे अडीच वाजले होते, साखरेची गोळी घेतली होती, पंखा घरघर करत होता, आणि मला फक्त त्यांनी उठून जावं असं वाटत होतं. मी सही केली.

शनिवारी सकाळी त्या शिलाईवाल्यांच्या घरून फोन आला. मुलीची आई. "मॅडम, ती पोरगी उद्या येऊन राहिली ना? चोंगे खाते का ती? गूळ कमी टाकू?" चोंगे म्हणजे गुळात मळलेल्या कणकेच्या पोळ्या, नक्षीच्या फळीवर दाबून वर ठसा उठवतात आणि तळतात, मोहरमात करतात. ती म्हणाली, "फळी माझ्याकडं नव्हती, उदगीरहून बहिणीची मागवली." आता सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं, पोरगी येणार नाही, आणि परिपत्रक निघालंय. मी म्हटलं, "गूळ कमीच टाका."

म्हणून काल मी स्वतः गेले. फार काही ठरवून नाही, घरी बसवेना म्हणून. रिक्षानं गोलाईपर्यंत, पुढं चालत. दुकानाचं शटर अर्धं वर होतं, मागं दोन खोल्या. बाई दारातच होती. तिला पाहून माझ्या पायांत जुनं काहीतरी आलं आणि मी थांबले, पण तिनं मला ओळखलं होतं. "अगं बाई, मॅडम तुम्ही! आओ, आत या. अन् पोरगी?" मी आत पाऊल टाकत म्हटलं, "मोहरमच्या शुभेच्छा." अकरा वर्षं हे चालवणाऱ्या बाईनं असं म्हणावं! बाईनं तोंडावर पदर धरला, हसू दाबायला की संकोचानं, कळलं नाही. "शुभेच्छा नसतात मॅडम याच्या. गम असतो हा. कुणी मेल्यावर शुभेच्छा देतात का?" मी माफी मागितली. "जाऊ द्या, आमच्या गल्लीतले निम्मे लोक देतात. नगरसेवकानं तर बॅनर लावलंय." मग तिची लेक चोंग्यांचं ताट घेऊन आली आणि माझ्या मागं दाराकडं बघितलं. "मॅम, ती नाही आली?"

मी म्हटलं, "तिला ताप आहे."

सिस्टर, हे इतक्या सहज आलं. एकदाही अडखळले नाही.

"अगं, ताप?" बाई हळहळली. "दिवसच तसले हायत. जाताना तिच्यासाठी डबा देते, मॅडम. तळलेलं हाय, टिकतं." मी जमिनीवर बसू शकत नाही म्हणून तिनं नवऱ्याचं शिलाईचं स्टूल आणलं. मी साखरेचं काही बोलले नाही. दोन चोंगे खाल्ले. वर खसखस, कडेला कुरकुरीत, मध्ये मऊ. मग माझे तीन प्रश्न विचारले. रांधण्याचं समोरच होतं. आठवण कुणाची, तर लढाईत पाणी तोडून तहानेनं मारलेल्या लेकरांची, आणि ते सांगताना तिनं मला आधी पाणी पुढं केलं. आणि काय करत नाही? ती म्हणाली, "दहा दिवस नवं कापड अंगाला लावत न्हाई. शिलाईवाले हाव आम्ही, लोकांचं शिवतोच, त्याबिगर पोट कसं चालंल. पर घरच्या कुणाचं माप घेत न्हाई या दिवसांत. माझ्या सासूनं घालून दिलेलं हाय." मग म्हणाली, "आमच्या गावाकडं सवारी निघते ना मॅडम, पीराचे पंजे उचलायला पाटलाचे लोक असतात. तुमच्यातलेच. अनवाणी चालतात बिचारे. इथं शहरात येऊन आम्ही वेगळे झालो." मी तासभर होते. उठताना तिनं डबा दिला, स्टीलचा, वर फडकं बांधून. लेक दारापर्यंत आली.

आज प्रार्थनेनंतर मी सातवीच्या त्या मुलीऐवजी स्वतः उभी राहिले. परिपत्रक दुपारी वाटायचं होतं, म्हणून मनात म्हटलं, शेवटचं आपणच बोलू. शिलाईवाल्यांची लेक पहिल्या रांगेत. खतवाल्यांची लेक तिसऱ्या रांगेत, चांगली ठणठणीत. मी सुरुवात केली, "जिला जायचं होतं तिला ताप होता, म्हणून मी गेले." मग फळी सांगितली, तहान सांगितली, माप न घेणं सांगितलं, माझ्या शुभेच्छा सांगितल्या तेव्हा मुलं हसली. दोन-तीनदा मला शब्द सुचले नाहीत. वय म्हणा. शेवटी मी विचारलं, बरोबर की चूक?

ती उठली. बारा वर्षांची, बारीक अंगाची. हात मागं बांधलेले. म्हणाली, "चूक, मॅम."

मागं शिक्षिकेची बांगडी वाजली. मी म्हटलं, काय चूक? नियम आहे, सांगावं लागतं. "बाकी सगळं बरोबर आहे. पण तिला ताप नव्हता. ती शनिवारी माझ्याबरोबर खेळली. तिनंच मला सांगितलं, मम्मी पाठवत नाही म्हणून. मी अम्मीला सांगितलं नव्हतं, कारण अम्मीनं पीठ मळलं होतं." आणि बसली. तिसऱ्या रांगेतली मुलगी बुटांकडं बघत होती. मी म्हटलं, "बरोबर. मी खोटं बोलले." एवढंच म्हणता आलं, आणि राष्ट्रगीताला हात केला, तेही वेळेआधी.

दुपारी परिपत्रक वाटलं गेलं. मी ते मागं घेतलं नाही. सचिवांना फोन केला नाही. पुढच्या वर्षी मी नसेन, ड्रेसवाला येईल, फोटो चांगले येतील. मधल्या सुट्टीत त्या दोघी पायऱ्यांवर शेजारी बसून काहीतरी खात होत्या. काय ते मला खिडकीतून दिसलं नाही, आणि मी बाहेर गेले नाही. डबा मी दिला नाही. म्हणजे मुलीच्या हातात देता आला असता, पण तिच्या घरी त्याचं काय होईल ते मला माहीत होतं. तो माझ्या कपाटात आहे. दुपारपासून त्यातले तीन मीच खाल्ले.

तुम्हाला बरं वाटेल असं लिहायचं असतं तर इथं थांबले असते. मी लिहिलं असतं की त्या पोरीनं उभं राहून जे केलं ते आमच्या वेळी कुणाला जमलं नाही, आणि माझा ऊर भरून आला. तो आला, खरंच आला, पण नंतर, ऑफिसात, दार लावून घेतल्यावर. ती "चूक" म्हणाली त्या क्षणी काय झालं ते तुम्हालाच सांगते, कारण तुम्ही कुणाला सांगणार नाही आणि हे कागद मी मावशींच्या हातात शेगडीसाठी देणार आहे. त्या क्षणी मला त्या पोरीचा राग आला. मनात आलं ते असं: यांच्या घरी मी जाऊन बसले, खाल्लं, आणि ही मला चूक म्हणते. 'यांच्या' हाच शब्द आला, सिस्टर. अव्वाच्या आवाजात नाही. माझ्याच.